मुलांचे बोलणे आणि मुलांची समज

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी शिक्षणावर काहीतरी लिहून द्यावे, असे चिटणीसांनी सुचविले तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. ट्रस्टचा इतिहास सांगण्याचा मान वडीलधाऱ्यांचा, आणि जमाखर्चाचा तपशील अहवालात येणारच आहे. आमच्यापाशी आहे ती बेळगावातील मराठी शाळेच्या वर्गात वीस वर्षे केलेली उठबस. त्या उठबशीतून जे थोडे हाती लागले, आणि आमच्या हातून जी एक चूक घडली, तेवढेच येथे मांडतो.

विषय साधा आहे. लहान मुलांची शब्दसंपत्ती कशी वाढते, मजकुरात उघड न लिहिलेला अर्थ त्यांना कसा उमगू लागतो, आणि चार माणसांत नीट बोलण्याची शक्ती त्यांच्या अंगी कशी येते? हे तीन निरनिराळे प्रश्न वाटतात. परंतु ज्या मुलापाशी शब्द नाहीत त्याला अर्थ लागत नाही, ज्याला अर्थ लागत नाही ते बोलण्यात भाग घेत नाही, आणि जे बोलत नाही त्याला नवे शब्द मिळण्याची वाटच बंद होते. म्हणून तिन्हींचा विचार एकत्रच केला पाहिजे.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. घरची भाषा दखनी, गल्लीतील खेळगड्यांची कानडी आणि शाळा मराठी. आमच्या गावात यात नवल असे काही नाही. आमचे स्वतःचे बालपण याच तीन भाषांच्या शेजारात गेले. मुलगा चुणचुणीत दिसे, पण प्रश्न विचारला की खाली पाही. एकदोनदा वाट पाहून आम्ही पुढच्या मुलाकडे वळत असू. सहामाहीनंतर त्याच्या आईला बोलावून घेतले आणि मोठ्या अधिकाराने सांगितले, "आपा, घरी दखनी बोलणे बंद करा. मराठीतच बोला, म्हणजे पोरगा सुधारेल."

त्या बाईचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. घरी शिवणाचे यंत्र चालवून संसाराला हातभार लावणारी. तिची मराठी बाजारापुरती. तरी मास्तरांनी सांगितले म्हणून तिने ते प्रमाण मानले. तीनएक महिन्यांनी तिची वृद्ध आई आम्हांला वाटेत भेटली. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या सांगण्यावरून माझी लेक पोराशी मराठीत बोलते. पण तिला येते किती? ये, जा, जेव, झोप, अभ्यास कर. संपले. आधी रात्री यंत्रावर बसल्या बसल्या ती त्याला कहाण्या सांगायची, तो शंभर सवाल करायचा. आता घर चूप झाले आहे."

आम्ही त्या रात्री नीट झोपलो नाही. प्रशिक्षणाच्या पदवीसाठी जी पुस्तके वाचली होती त्यांत नेमके याच्या उलट लिहिलेले होते, आणि परीक्षेत आम्ही ते सुवाच्य अक्षरात लिहूनही आलो होतो. युनेस्कोने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या देशी भाषांविषयीच्या अहवालात मुलाच्या शिक्षणाचा आरंभ त्याच्या मातृभाषेतून व्हावा, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असा आग्रह आहे. एवढे ठाऊक असूनही आम्ही एका आईची जीभ बांधून ठेवली होती. त्या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी मूळ विषय पाहू.

शब्द कसे येतात

मूल शब्द पाठ करून शिकत नाही. कामाच्या ओघात, माणसाच्या तोंडून, पुनःपुन्हा कानांवर पडून शब्द त्याचा होतो. एकदा ऐकल्याने ओळख पडते. निरनिराळ्या प्रसंगी भेटल्याने मैत्री जमते.

आपले स्वयंपाकघरच पाहा. भाजी चिरावयाची, गाजर किसावयाचे, नारळ खवावयाचा, मटार सोलावयाचे, तांदूळ निवडावयाचे, धान्य सुपाने पाखडावयाचे, कणीक मळावयाची, भाकरी थापावयाची, पोळी लाटावयाची, कांदा परतावयाचा, वडा तळावयाचा. प्रत्येक क्रियेला वेगळा शब्द आणि प्रत्येक शब्दामागे हाताची वेगळी हालचाल. हल्ली पुष्कळ घरांत यांतील निम्म्या शब्दांची जागा 'कट कर', 'मिक्स कर', 'फ्राय कर' या तिघांनी घेतली आहे. इंग्रजी शब्दांशी आमचे वैर नाही. परंतु दहा शब्दांच्या जागी एकच शब्द वापरला तर दहा क्रियांतील फरक पाहण्याची मुलाची सवयही जाते. चिरणे आणि किसणे यांतील भेद ज्याला शब्दाने माहीत आहे, तो पुढे पुस्तकात 'विरघळणे' आणि 'वितळणे' यांतील भेदही लवकर पकडतो.

अमेरिकेतील इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात शब्दांचे तीन थर सांगितले आहेत. पहिल्या थरात रोजच्या बोलण्यातील शब्द येतात: भात, झोप, पळणे. ते मुद्दाम शिकवावे लागत नाहीत. तिसऱ्या थरात एखाद्या शास्त्रापुरते शब्द येतात: प्रकाशसंश्लेषण, लंबवर्तुळ. ते त्या त्या धड्यात शिकविले जातात. राहतो तो मधला थर: संकोच, आग्रह, अपुरा, नाइलाज, खटाटोप, पश्चात्ताप, अंदाज, तडजोड. हे शब्द सर्व विषयांच्या पुस्तकांत येतात; पण घरच्या बोलण्यात कमी येतात आणि शाळेत 'मुलांना येत असतील' असे गृहीत धरले जाते. त्यामुळे ते कोणीच शिकवीत नाही. मुले अडतात ती बहुधा येथेच.

मग हे शब्द द्यावे कसे? 'आग्रह म्हणजे हट्ट' असा समानार्थी शब्द वहीत उतरवून घेतल्याने काम होत नाही, उलट चुकीचे होते. पाहुण्याला आणखी एक पोळी घ्या म्हणून आपण जे करतो तो आग्रह. दुकानात खेळण्यासाठी मूल भुईवर लोळते तो हट्ट. असे दोन प्रसंग शेजारी ठेवले की अर्थ कळतो. नंतर मुलाला विचारावे, "तुला कोणी कशाचा आग्रह केला होता?" त्याने स्वतःचा प्रसंग सांगितला की शब्द त्याचा झाला. मग आठवडाभर आपण तो बोलण्यात दोनचार वेळा सहज आणावा.

दुसरी युक्ती शब्दांच्या कुटुंबाची. 'बोल' या एका शब्दाभोवती बोलका, अबोल, अबोला, बोलणी, बोलाचाली, बोलघेवडा अशी केवढी मंडळी जमतात. 'हजर' हा शब्द अरबीतून आला. पण हजेरी, गैरहजर, हजरजबाबी यांना आता परके कोण म्हणेल? त्यातले 'गैर' अस्सल मराठी 'समज'ला चिकटून 'गैरसमज' झाले, आणि फारसी 'बे' आपल्या 'चव'ला लागून 'बेचव' झाले. आम्ही वर्गात फळ्यावर 'बे' आणि 'गैर' लिहितो आणि मुलांना शब्द जमवायला सांगतो. बेसावध, बेकायदा, बेजबाबदार, गैरसोय असे शब्द येऊ लागतात. दखनी बोलणारी मुले या खेळात पुढे असतात, आणि ज्या भाषेमुळे ती मागे पडतात असे आम्ही समजत होतो त्याच भाषेमुळे पुढे असतात. दखनीतला 'नक्को' मराठी 'नको'कडूनच आला आहे, आणि 'कायकू'मध्ये मराठी 'काय' स्पष्ट ऐकू येतो. मराठी 'तूप' आणि कानडी 'तुप्प' शेजारी ठेवले तर मुले हसतात आणि दोन्ही लक्षात ठेवतात. भाषा अशा एकमेकींच्या घरी येत जात असतात, हे मुलाला लवकर कळलेले बरे.

न लिहिलेले वाचणे

आता दुसरा मुद्दा. चौथीतील एक मुलगी फार सुरेख वाचीत असे. अडखळणे नाही, विरामचिन्हे बरोबर. आम्ही तिला स्वतः रचलेला एक लहानसा उतारा दिला:

"शकू दारात आली. तिने छत्री उघडीच पायरीवर ठेवली. आजीने काही न बोलता जुनी साडी पुढे केली आणि चुलीवर चहा ठेवला. शकू म्हणाली, 'आजी, आधी दप्तर बघ.'"

आम्ही विचारले, "बाहेर हवा कशी होती?" मुलीने उतारा पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "सर, ते धड्यात दिलेले नाही."

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. 'पाऊस' हा शब्द त्या उताऱ्यात कोठेही नाही. बेळगावचा मुसळधार पाऊस तिने जन्मापासून पाहिलेला. ओली छत्री वाळत कशी ठेवतात हे तिला ठाऊक. जुन्या मऊ साडीने डोके कसे पुसतात हेही ठाऊक. परंतु वाचताना ही स्वतःची माहिती वापरावयाची असते, नव्हे वापरल्याशिवाय वाचन पुरे होत नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. प्रश्नातला शब्द धड्यात शोधावा आणि ते वाक्य उतरवून द्यावे, एवढेच आपण तिला शिकविले होते. दोष तिचा नव्हता.

वाचन आणि आकलन यांचा संबंध गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली गुणाकाराच्या रूपाने मांडला. अक्षरे वाचण्याची शक्ती गुणिले भाषा समजण्याची शक्ती, म्हणजे वाचून समजणे. बेरीज न म्हणता गुणाकार म्हणण्यात मर्म आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. मूल खडाखडा वाचते यावर आपण समाधान मानतो, तेव्हा गुणाकारातला एकच आकडा आपण पाहिलेला असतो.

आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात रेख्त आणि लेस्ली या अमेरिकन संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचावयास दिले आणि मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून तो डाव दाखवावयास सांगितले. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची. काहींना खेळाची चांगली माहिती होती, काहींना नव्हती. निकाल असा लागला की, वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले ही वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ सरस ठरली. आपण बेसबॉलच्या जागी क्रिकेट घालावे म्हणजे झाले. 'दोन बाद झाल्यावर रात्रीचा पहारेकरी धाडला' हे वाक्य ज्याला खेळ माहीत नाही त्याला व्याकरणाच्या पंडिताने समजावूनही उमगणार नाही.

याचा अर्थ असा की, मुलाच्या आकलनाचा पाया वाचनाच्या तासाबाहेर घातला जातो. जे मूल आजोबांबरोबर शेतावर, आईबरोबर बाजारात, काकांबरोबर सुताराच्या दुकानात गेले आहे, आणि तेथे काय चालले आहे हे ज्याला कोणीतरी सांगितले आहे, ते पुस्तकाशी येताना भरल्या हाताने येते.

मजकुरातील न लिहिलेले काढून घेण्याची सवय लावण्यासाठी आपल्या मराठीत एक उत्तम प्रश्न आहे. तो म्हणजे 'कशावरून?' बाहेर पाऊस होता. कशावरून? छत्री उघडी वाळत ठेवली, आजीने अंग पुसायला साडी दिली. शकूला अभ्यासाची काळजी आहे. कशावरून? स्वतः भिजलेली असून तिने आधी दप्तराची चौकशी केली. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या आपल्या आज्या हेच करीत होत्या. 'कशावरून' विचारताना स्वर मात्र उलटतपासणीचा नको; कुतूहलाचा हवा. आणि मुलाने वेगळेच उत्तर दिले तरी आधी त्याचे कारण ऐकावे. एका मुलाने आम्हांला सांगितले, "शकू आजीवर रागावली होती." कशावरून? "आजी काही बोललीच नाही, म्हणजे अबोला असणार." उत्तर पटले नाही, पण ते त्याने उताऱ्यातील शब्दांवरूनच काढले होते. मग आम्ही विचारले, अबोला असता तर आजीने चहा ठेवला असता काय? तो विचार करू लागला. आम्हांला तेवढेच हवे होते.

घरी यासाठी पुस्तकच हवे असे नाही. वडील संध्याकाळी डबा न उघडता परत घेऊन आले. काय झाले असेल? शेजारच्या दारात आज चपलाच चपला दिसतात. कशावरून काय समजावे? कोडी घालणे हाही याच जातीचा खेळ आहे. घरातील एखादी वस्तू मनात धरून मुलांनी स्वतःच कोडे रचावे आणि मोठ्यांनी ओळखावे. रचणाऱ्याला कोणती खूण सांगावी आणि कोणती लपवावी याचा विचार करावा लागतो, आणि तीच आकलनाची तालीम असते.

बोलणे म्हणजे देवघेव

अमेरिकेतील कॅन्सस येथे हार्ट आणि रिस्ली या दोघांनी ४२ कुटुंबांत दर महिन्याला जाऊन लहान मुलांच्या कानांवर किती शब्द पडतात ते मोजले. १९९५ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि सुखवस्तू व गरीब घरांतील मुलांमध्ये तीन कोटी शब्दांचा फरक पडतो, हा त्यांचा अंदाज जगभर गाजला. पुढे त्यावर आक्षेपही आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत असे दाखविले गेले की, घरातील सर्व माणसांचे आणि मुलाच्या आसपास चाललेले बोलणे धरले तर गरीब घरे मुळीच मुकी नसतात. आपल्या वाड्यांत आणि चाळींत वाढलेल्या कोणालाही हे पटेल. गरिबाच्या घरी शब्द नसतात, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

त्याच २०१८ साली रेचेल रोमिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, मुलाच्या कानांवर एकूण किती शब्द पडले यापेक्षा, मोठे माणूस आणि मूल यांच्यात बोलण्याची देवघेव किती वेळा झाली याचा संबंध मुलाच्या भाषिक शक्तीशी आणि मेंदूतील भाषेच्या भागाच्या कामाशी अधिक होता. घरची मिळकत कमी की जास्त, हे हिशेबात घेऊनही हा संबंध टिकून राहिला. आम्हां सामान्य माणसांना याच्याएवढा दिलासा दुसरा नाही. देवघेवीला पैसा लागत नाही.

देवघेव म्हणजे काय? मुलगी बाहेरून येऊन म्हणते, "आई, मांजर!" आई म्हणते, "हो का, बरं, हात धू." येथे बोलणे संपले. तीच आई म्हणाली, "मांजर? कुठे दिसले?" मुलगी म्हणेल, "भिंतीवर." "भिंतीवर दबा धरून बसले होते की चालत होते?" "दबा म्हणजे?" आता पाहा, एक नवा शब्द आला, तो मुलीने स्वतः मागून घेतला, आणि आई अंग चोरून बसण्याची नक्कल करून दाखवील तेव्हा तो जन्मभर टिकेल. एवढ्याला एक मिनिट लागले. भाजी निवडता निवडता हे होते.

मुलाच्या अपुऱ्या वाक्याला नावे न ठेवता आपण ते पुरे करून परत द्यावे. मूल म्हणाले, "बाबा गाडी पडला." आपण म्हणावे, "अगं बाई! बाबांची गाडी पडली? मग पुढे?" चूक सुधारली गेली आणि बोलणेही तुटले नाही. 'असे नाही, तसे म्हण' अशी टोकाटोकी केली तर मूल पुढच्या वेळी गप्प बसणे पसंत करते.

तसेच, थांबावयास शिकले पाहिजे. मेरी बड रो या विदुषींनी विज्ञानाच्या वर्गांत घड्याळ लावून पाहिले, आणि १९७४ साली लिहिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले तर मुलांची उत्तरे लांबतात, 'माहीत नाही' कमी होते, आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात. तीन सेकंद ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण वर्गासमोर उभे राहून मनात तीन अंक मोजून पाहावे, म्हणजे ते किती लांब वाटतात ते कळते. ज्या मुलाला उत्तर आधी घरच्या भाषेत सुचते आणि मग ते मराठीत आणावे लागते, त्याला तर तीनही पुरत नाहीत. आमच्या त्या मुलाला आम्ही 'घुमा' समजत होतो. त्याचे उत्तर वाटेत असतानाच आम्ही पुढे निघून जात होतो.

मोबाइलविषयी दोन शब्द. तो घरात आला आहे आणि जाणार नाही. त्यावर गोष्टी ऐकता येतात, चित्रे पाहता येतात, हे चांगलेच आहे. परंतु जेवताना पोराच्या हातात तो दिला की पोर मुकाट्याने जेवते, आणि आपण त्याला सोय म्हणतो. दिवसातून दोन जेवणे धरली तर देवघेवीच्या दोन हक्काच्या वेळा आपण त्या सोयीपायी घालवितो. पोराबरोबर बसून तोच मोबाइल पाहिला आणि त्यावर बोललो तर गोष्ट वेगळी.

घरची भाषा

ज्या घरात मराठी बोलली जाते त्यांनीही पुढील भाग वाचावा. कारण तेथे आता मराठीच्या जागी इंग्रजीसाठी तीच चूक होत आहे. इंग्रजी शाळेत मूल घातले की आईबाप मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागतात. ज्या भाषेत आपल्याला फक्त हुकूम देता येतात, त्या भाषेत मुलाला वाढवू नये. ज्या भाषेत आपल्याला रागावता येते, गंमत करता येते, भूत काढता येते, मृत माणसाची आठवण सांगता येते, तीच भाषा मुलाशी बोलण्याची.

यात दुसऱ्या भाषेचे नुकसान नाही. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली असे मांडले की, एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते. 'कारण' म्हणजे काय हे मुलाला दखनीत, कोकणीत किंवा कानडीत एकदा समजले की मराठीत केवळ नवे नाव शिकावयाचे उरते. कल्पना पुन्हा शिकावी लागत नाही.

आपल्याकडे हे तत्त्व फार आधी कृतीत आणून दाखविणारी माणसे होऊन गेली. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले, आणि १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी जे केले त्याचे सार एवढेच की, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. मूल गुरे राखते तर शाळा कुरणात भरली. झाडाची पाने, बिया, गारगोट्या हीच साधने झाली. मुलाजवळ जे आहे तेथून आरंभ करावा, जे नाही त्याची यादी करीत बसू नये, हा तो धडा.

घरी काय करावे

तात्पर्य म्हणून चार गोष्टी सांगतो. एक, रोज एका वेळचे जेवण मोबाइलशिवाय, आणि त्या वेळी प्रत्येकाने दिवसातील एक प्रसंग सांगावा, मोठ्यांनीही. दोन, रात्री पंधरा मिनिटे गोष्ट, वाचून किंवा आठवून, आणि मध्येच थांबून 'आता काय होईल असे वाटते?' व 'कशावरून?' हे दोन प्रश्न. तीच गोष्ट मुलाने दहादा मागितली तर दहादा सांगावी. दर खेपेला त्याला नवे काही दिसते. तीन, काम करताना बोलत राहावे; शिवताना, रांधताना, सायकल पुसताना, त्या त्या कामाच्या खऱ्या शब्दांनी. चार, मूल बोलत असताना त्याच्याकडे पाहावे आणि उत्तरासाठी थांबावे. जे आईबाप स्वतः शिकलेले नाहीत त्यांनी कमीपणा मानू नये. यांपैकी गोष्ट वाचून दाखविणे सोडले तर एकाही कामाला अक्षरओळख लागत नाही.

ट्रस्टला एक विनंती

आपला ट्रस्ट दहावीनंतरच्या मुलांना शिष्यवृत्त्या देतो आणि दर जूनमध्ये वह्या वाटतो. यातून किती घरे उभी राहिली ते आम्ही जाणतो. आम्ही स्वतः अशाच एका शिष्यवृत्तीवर पदवीधर झालो. तरीही वर्गात उभे राहून रोज जे दिसते ते सांगणे कर्तव्य आहे. दहावीला मागे पडणारे मूल दहावीला मागे पडलेले नसते. त्याची वाट बहुधा पहिली-दुसरीतच चुकलेली असते, आणि आपली मदत त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा ते शिष्यवृत्तीच्या यादीत येण्याजोगे राहिलेलेच नसते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात एक लहान काम सुरू करावे. आठवड्यातून एक दिवस, एक तास, ट्रस्टच्या वाचनालयाची खोली पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी उघडावी. सतरंजी, काही चित्रांची पुस्तके, आणि गोष्ट सांगणारे एक वडील माणूस. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, हातात कसब असलेले कारागीर आहेत, कहाण्या सांगणाऱ्या आज्या आहेत. कोणी मराठीत सांगावे, कोणी दखनीत, कोणी कोकणीत किंवा कानडीत. पहिला तास घेण्याची जबाबदारी आम्ही आनंदाने पत्करतो.

आता त्या मुलाविषयी. आजीची भेट झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, तुम्ही भल्यासाठीच सांगितले होते." आम्ही म्हणालो, "आपा, पण ते चूक होते. तुमच्या भाषेत बोला, भरपूर बोला. मराठीचे आमच्यावर सोडा." त्यानंतर वर्गात आम्ही त्याला उत्तर दखनीत द्यावयाची मुभा दिली आणि तेच मराठीत फिरवून सर्वांना सांगू लागलो. काही लगेच घडले नाही. तिसरीच्या दिवाळीनंतर केव्हातरी, यंत्रांवरच्या धड्याच्या वेळी, तो आपण होऊन उभा राहिला आणि आईच्या यंत्राचा पट्टा निसटला की काय होते, टीप कशी सुटते, अस्तर कसे गोळा होते आणि उसवून पुन्हा कसे शिवावे लागते, हे अर्धे दखनीत, अर्धे मराठीत सांगून गेला. 'अस्तर' म्हणजे काय हे वर्गातील निम्म्या मुलांना त्याच्याकडून कळले. आज तो सातवीत आहे. शुद्धलेखन अजून कच्चे आहे. पण धडा संपला की पहिला प्रश्न त्याचा असतो, आणि तो बहुधा 'कशावरून?' असाच असतो.